पाण्याखालचा कचरा : डायव्हर खाली जाऊन काढतात, त्याने खरंच फरक पडतो का?

खोलपाणी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते. मी हौशी डायव्हर आहे आणि आमचा एक छोटा गट सुट्टीच्या दिवशी पाण्याखालची सफाई करतो. पैसे वगैरे कुणी देत नाही, टँक आपापला, वेळ आपापला. खडकांमधल्या एका घळीत आम्ही नेहमी उतरतो. तिथे प्लास्टिकच्या पिशव्या, गळाचे दोरे, शिशाची वजनं, डबे, एखादी चप्पल असं काय काय अडकलेलं असतं. सगळं उपसून वर आणतो, घळ स्वच्छ दिसते, आणि मोठं उधाण येऊन गेलं की पुन्हा भरलेली. परवा ओळखीतल्या एकाने तोंडावर सांगितलं की तुम्ही गळक्या रांजणात पाणी भरताय, यातून फोटो सोडून काही निघत नाही. मला ते लागलं, पण उत्तरही पटकन सुचलं नाही. म्हणून विचारते, ज्यांनी हे काम केलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांना काय वाटतं? फरक पडतो का, आणि पडत असेल तर कशामुळे? आणि खाली दिसेल ते सगळं उचलायचं की काही तसंच ठेवायचं, यावरही आमच्या गटात दर वेळी वाद होतात, तेही बोलूया.

भरतीओहोटी
चांगला विषय. वाचतेय, पुढच्या प्रतिसादांची वाट बघतेय.

तळगाठ
फरक पडतो, पण फक्त उचलून नाही, मोजून. तुम्ही वर आणलेल्या कचऱ्याचं काय करता? नुसतं वजन करून "इतके किलो काढले" असं सांगत असाल तर त्या आकड्यातून काहीच कळत नाही. एक टायर सापडला की वजन एकदम वाढतं आणि वेफर्सची शेकडो रिकामी पाकिटं काढली तरी काटा जागचा हलत नाही. वस्तू मोजा, कसली आहे ते लिहा, जागा, खोली आणि पाण्याखाली किती वेळ शोधलं ते लिहा.

१९८६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर जी सफाई झाली, ज्यातून पुढे जगभरची इंटरनॅशनल कोस्टल क्लीनअप उभी राहिली, तिचं वेगळेपण हेच होतं की लोकांनी उचललेली प्रत्येक वस्तू कार्डावर नोंदवली. दर वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी ती होते. आणि अशा मोजणीतून काय होतं याचं सगळ्यात ठळक उदाहरण युरोपचं. तिथल्या किनाऱ्यांवर वर्षानुवर्षं मोजणी झाली, कुठल्या दहा एकदा वापरून फेकायच्या वस्तू सगळ्यात जास्त सापडतात ते निघालं आणि २०१९ चा कायदा त्या यादीवर बेतला गेला. २०२१ च्या जुलैपासून प्लास्टिकचे स्ट्रॉ, काटे-चमचे, ताटल्या, कान साफ करायच्या काड्या विकायला बंदी. २०२४ पासून बाटलीचं बूच बाटलीलाच जोडलेलं हवं असा नियम, कारण सुटी बुचं किनाऱ्यावर पडलेली मोजून मोजून लोक थकले होते. आता सांगा, वाळूत वाकून बुचं मोजणाऱ्याचं काम वाया गेलं का?

खोलपाणी
@तळगाठ, धन्यवाद. आम्ही वजनच करतो :( मोजायला बसलं की सगळ्यांना घरी जायची घाई असते.

उलटतपासणी
मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नका. २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासाचा अंदाज असा होता की २०१० या एका वर्षात किनारी देशांमधून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं. त्याच्यापुढे एक डायव्हर एका टँकवर किती आणणार? चार किलो, पाच किलो. त्याला बोटीचं इंधन, कॉम्प्रेसर, प्रशिक्षण, शिवाय जिवाचा धोका. तेवढीच माणसं आणि तेवढेच कष्ट नदीच्या मुखाशी लावा. अमेरिकेत बाल्टिमोरला २०१४ पासून नदीच्या तोंडाशी एक मोठं चाक बसवलंय, पाण्याच्या प्रवाहावर आणि सौर ऊर्जेवर चालतं, वाहत आलेला कचरा अडवून पट्ट्यावरून थेट कंटेनरमध्ये टाकतं. कुणाला बुडी मारावी लागत नाही. डायव्हर लोकांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे पण तळमळ आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रसायनवेडी
@उलटतपासणी, चाक उत्तमच आहे, पण ते तरंगणारा कचरा पकडतं. मुद्दा असा की तरंगतं ते आणि बुडतं ते हा कचराच मुळात वेगळा असतो. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर), त्याहून हलकं ते तरंगतं, जड ते बुडतं. पातळ पिशव्यांचं पॉलिथिलीन ०.९ च्या वर आणि १ च्या खाली, बुचांचं पॉलिप्रॉपिलीन ०.९ च्या आसपास, म्हणजे ही दोन्ही तरंगणार. पाण्याच्या बाटलीचं पीईटी प्लास्टिक १.३८, नायलॉन १.१४, पीव्हीसीही जड, हे सगळं बुडणार. म्हणून तर बूच किनाऱ्याला लागतं आणि बूच नसलेली बाटली पाणी भरून तळाला जाते, वस्तू एकच पण तिचे दोन तुकडे दोन वेगळ्या ठिकाणी सापडतात! आणि जे तरंगतं तेही कायम वर राहत नाही, त्याच्यावर शेवाळ धरतं, बारीक जीव चिकटतात, वजन वाढतं आणि हळूहळू तेही खाली बसतं. मारियाना गर्तेत जवळपास ११ किलोमीटर खोलीवर प्लास्टिकची पिशवी दिसली आहे, जपानी संस्थेच्या १९९८ च्या चित्रणात.

तेव्हा किनाऱ्यावरची मोजणी ही अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली अर्धी सांगायला कुणीतरी खाली जायलाच हवं.

निळाई
रसायनवेडी, एक नंबर प्रतिसाद. बूच-बाटलीचं आता कधी विसरणार नाही.

वाळूतलीपावलं
मला पोहता पण येत नाही, खाली जाण्याचा प्रश्नच नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं? की नुसतं टाळ्या वाजवायच्या :)

बडीनंबरदोन
@वाळूतलीपावलं ताई, तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही! खरं सांगतो, सफाई डाइव्हमध्ये पाण्याखालचा भाग तासाभराचा असतो आणि किनाऱ्यावरचा भाग तीन तासांचा. पिशव्या रिकाम्या करणं, प्रत्येक डबा-बाटली आतून बघून खेकडा किंवा मासा निघाला तर लगेच परत पाण्यात सोडणं, पाणी निथळून मग वजन करणं, वर्गवारी, मोजणी, फॉर्म भरणं.

आणि एक गोष्ट जी बऱ्याच डायव्हरनाही माहीत नसते. डाइव्हनंतर लगेच जड ओझी उचलायची नसतात. अंगात नायट्रोजन विरघळलेला असतो, तेव्हा जोर लावला तर बुडबुडे होऊन डिकम्प्रेशनचा त्रास व्हायची शक्यता वाढते. म्हणजे भिजलेलं पोतं खडकांवरून वर ओढत न्यायचं काम कोरड्या माणसांचंच. आमच्याकडे नियमच आहे, डायव्हर वर आला की पिशवी दुसऱ्याच्या हातात देणार आणि बसून पाणी पिणार.

वाळूतलीपावलं
अरे वा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी येणारच.

मऊमाती
किनाऱ्यावरचं काम निघालंच आहे तर एक विनंती. वाहून आलेलं समुद्री शेवाळ, लाकूड, शिंपले यांना कचरा समजून उचलू नका. बरेच स्वयंसेवक जोशात अख्खी वाळू फणीने विंचरल्यासारखी साफ करतात. त्या शेवाळात बारीक किडे-कवचधारी जीव राहतात, पक्षी तेच खातात आणि वाळू धरून ठेवायलाही त्याची मदत होते. यंत्राने किनारा झाडणं तर कासवांच्या अंड्यांच्या काळात फारच वाईट. हाताने, फक्त माणसाने केलेली वस्तू उचलायची. सिगरेटची थोटकं मात्र एकही सोडू नका, ती कापसाची वाटतात पण फिल्टर सेल्युलोज अॅसिटेटचा म्हणजे प्लास्टिकचाच असतो.

तळगाठ
+१००. आणि प्लास्टिकचे मसुराएवढे कच्चे दाणे दिसले तर तेही नोंदवा. २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज पेटून बुडालं तेव्हा साधारण १६८० टन दाणे समुद्रात गेले, लोक किनाऱ्यावर बसून चाळण्यांनी वाळू चाळत होते. तिथे डायव्हर काही करू शकत नव्हते, सगळं काम किनाऱ्यावरच्या हातांचं.

गमतीदार
विषय गंभीर आहे पण कुणीतरी सांगा ना, सगळ्यात विचित्र काय सापडलंय? मी ऐकलंय की अॅमस्टरडॅमच्या कालव्यांतून दर वर्षी १२ ते १५ हजार सायकली काढतात, त्यासाठी पंजा लावलेली वेगळी बोटच आहे. म्हणजे पाण्याखाली सायकल स्टँड आहे म्हणायचं!

निळाई
हाहा. मला एकदा पूर्ण चहाची किटली सापडली होती, झाकणासकट. आत एक छोटा ऑक्टोपस. त्याने झाकण आतून धरून ठेवलं होतं. मी किटली तिथेच ठेवली, भाडेकरू घर सोडायला तयार नव्हता.

गमतीदार
भाडेकरार तपासला का =))

उलटतपासणी
हाच तर प्रश्न आहे, हसण्यावारी नेऊ नका. किटलीत कुणी राहतंय, टायरवर प्रवाळ वाढलंय, बाटलीत मासळीने अंडी घातलीत, मग हा कचरा आहे की घर? काढून तुम्ही नुकसानच करताय असं होत नाही का?

खोलपाणी
आमच्या गटातला वाद नेमका हाच! आमच्यातला एक म्हणतो प्लास्टिक ते प्लास्टिक, काढायचंच.

प्रवाळप्रेमी
यात दोन्ही बाजूंनी खरं आहे त्यामुळे जरा लांब लिहितो. २०१८ मध्ये आशिया-प्रशांत भागातल्या १५९ प्रवाळभित्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सव्वा लाखाच्या आसपास प्रवाळ तपासले होते. प्लास्टिक टेकलेलं नसेल तर रोगाची शक्यता ४ टक्के, टेकलेलं असेल तर ८९ टक्के. प्लास्टिक घासून जखम होते, उजेड अडतो, रोगजंतूंना जागा मिळते. तेव्हा प्रवाळावर पडलेली पिशवी किंवा दोरा दिसला की तो काढायलाच हवा, पण ओढून नाही. कात्रीने बारीक तुकडे करत, एका हाताने प्रवाळाला धक्का न लावता, आणि तुमची तरंगण्याची स्थिरता पक्की असेल तरच. पायात घातलेल्या पंखाच्या एका फटक्यात तुम्ही पिशवीने केलं असतं त्याहून जास्त मोडाल.

दुसरीकडे, जी वस्तू पूर्ण वेढली गेली आहे, जिच्यावर स्पंज-प्रवाळ-कालवं जाड थराने बसलीत, ती हलवली तर तो सगळा थर मरतो. ती तशीच ठेवायची, पण फॉर्ममध्ये मात्र लिहायची. काचेची बाटली तर अशी काही विषारी नसते, तिच्यात कुणी राहत असेल तर राहू द्या. बॅटरी, शिसं, तेलाचा डबा मात्र कुणी राहत असलं तरी जाणकाराला विचारून काढायलाच हवं.

पण "कचरा म्हणजे माशांना घर" हे पूर्ण खरं मानू नका. फ्लोरिडात १९७० च्या दशकात फोर्ट लॉडरडेलजवळ ऑस्बोर्न रीफ म्हणून सुमारे २० लाख टायर मुद्दाम समुद्रात टाकले होते, मासे राहतील, प्रवाळ वाढेल म्हणून. बांधलेल्या पट्ट्या गंजल्या-तुटल्या, वादळांत टायर सुटले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळावर जाऊन आदळायला लागले. हलत्या टायरवर काही वाढलंही नाही. शेवटी २००७ पासून अमेरिकी सैन्याचे डायव्हर उतरवून ते काढायला लागले. हेतू चांगला होता, सगळ्यांनी उत्साहाने केलं होतं.

उलटतपासणी
ऑस्बोर्नचं माहीत नव्हतं. चांगली माहिती.

नवखाडुंबा
मी नुकताच ओपन वॉटर कोर्स (डायव्हिंगचा अगदी पहिला कोर्स) केलाय. मला ती जाळी काढणारी मोहीम करायची खूप इच्छा आहे, व्हिडिओ बघितलेत, कासव सोडवतात वगैरे. कुठून सुरुवात करू?

बडीनंबरदोन
जाळ्यांपासून सुरुवात करू नकोस, इतकंच हात जोडून सांगतो. बेवारस जाळं म्हणजे पाण्याखालचा सगळ्यात धोकादायक कचरा. दिसायला ते गपचूप खडकाला लटकलेलं असतं पण प्रवाहाने हलतं, तू कापायला लागलास की सुटा भाग मागून येऊन टँकच्या व्हॉल्व्हमध्ये, पंखाच्या पट्ट्यात, गेजच्या नळीत अडकतो. अडकलास तर गोल वळायचं नाही, वळलास की आणखी गुंडाळलं जातं. थांबायचं, बडीला म्हणजे जोडीदार डायव्हरला खूण करायची, तो कापणार. म्हणून कापायचं हत्यार दोन, दोन वेगळ्या जागी, कुठल्याही हाताला मिळतील असे. सुरीपेक्षा कात्री आणि लाइन कटर (दोरा कापायचं छोटं हत्यार) जास्त कामाचे.

नेदरलँड्समध्ये घोस्ट डायव्हिंग नावाची स्वयंसेवी संस्था २००९ पासून फक्त हेच करते, पण ते सगळे तांत्रिक डायव्हिंग शिकलेले लोक आहेत, प्रत्येकाचं काम ठरलेलं, कापणारा वेगळा, त्याच्यावर नजर ठेवणारा वेगळा. ती नायलॉनची जाळी पुढे पुनर्वापराला जातात आणि त्यातून नवा धागा होतो, त्याचे मोजे, पोहायचे कपडे, गालिचे बनतात.

तू आधी जाळीची पिशवी घेऊन साध्या वाळूच्या तळावरचे डबे गोळा कर. जाड हातमोजे. सुई, सिरिंज, ब्लेड पिशवीत टाकायचं नाही, घट्ट झाकणाचा कडक डबा लागतो. आणि पिशवी जड झाली की ती तुझ्या तरंगण्याचं गणित बिघडवते. तरंगण्यासाठी घालतो त्या जॅकेटमध्ये हवा भरून ती ओढत नेऊ नकोस, पिशवी हातातून सुटली तर तू बुचासारखा वर जाशील.

नवखाडुंबा
बाप रे. ओके. सात-आठ किलोची वस्तू असेल तर मग काय करायचं?

बडीनंबरदोन
लिफ्ट बॅग, म्हणजे हवा भरून ओझं वर न्यायची पिशवी, आणि तीही शिकूनच. साधारण एक लिटर हवा एक किलो उचलते. पण १० मीटरवर बॅगेत भरलेली हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट होते, म्हणजे खाली जेमतेम हललेलं ओझं वर जाता जाता सुसाट सुटतं. बॅगेची दोरी अंगाला कधीच बांधायची नाही, ओझ्याच्या खाली थांबायचं नाही आणि वर बोट नाही ना ते आधी बघायचं. जमत नसेल तर वस्तू सोडून द्यायची. टायरसाठी जीव द्यायचा नसतो.

खोलपाणी
हे शेवटचं वाक्य आमच्या गटात सगळ्यांना पाठवते.

तळगाठ
दोन गोष्टी राहिल्या. लोखंडी नळकांडं, गंजलेला गोळा, बॉम्बगोळ्यासारखं काहीही दिसलं तर हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवून दूर व्हायचं आणि संबंधित खात्याला कळवायचं. बाल्टिक आणि उत्तर समुद्राच्या तळाशी युद्धांच्या काळचा दारूगोळा आजही पडलेला आहे. आणि जुनी मातीची भांडी, नांगर, तोफ असं काही दिसलं तर तो कचरा नाही. युनेस्कोच्या २००१ च्या करारात किमान १०० वर्षं पाण्याखाली असलेल्या मानवी खुणांना वारसा म्हटलंय. फोटो काढा, जागा कळवा, उचलू नका.

भरतीओहोटी
गर्दीच्या मोहिमांबद्दल काय मत? २०१९ मध्ये फ्लोरिडात डीरफील्ड बीचच्या धक्क्याखाली ६३३ डायव्हरनी एकत्र सफाई करून विश्वविक्रम केला होता.

प्रवाळप्रेमी
तिथे मासेमारीचा धक्का होता, खाली शिशाची वजनं आणि दोऱ्यांचा खच, जागा योग्य निवडली होती. पण प्रवाळाच्या जागी एवढी माणसं कधीच उतरवू नयेत. गाळ उडतो, एकमेकांचे पंख लागतात, दिसेनासं होतं. मला वैयक्तिक विचाराल तर त्याच चार जणांनी महिन्यातून एकदा त्याच जागी जावं, हे जास्त मोलाचं.

रसायनवेडी
सहमत. अमेरिकेतल्या टाहो सरोवराचं उदाहरण बघा. डायव्हरनी काठाकाठाने ७२ मैलांचा अख्खा घेर साफ केला, २०२२ मध्ये पूर्ण झालं, २५ हजार पौंडांहून जास्त कचरा निघाला. तिथलं पाणी इतकं निळंशार की वरून बघून कुणी म्हणणार नाही खाली काही असेल.

जाळीवाला
बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. मी मासेमारीच्या घरातला आहे आणि या चर्चेत आमची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लॉगिन केलं. जाळं कुणी हौसेने टाकत नाही हो. जाळं म्हणजे आमचं भांडवल असतं. खडकात अडकतं, वादळात तुटतं, मोठं जहाज वरून जातं आणि बोयाच कापून नेतं. २०२२ च्या एका अभ्यासात सात देशांतल्या मच्छीमारांना विचारून अंदाज काढला होता की जगात दर वर्षी मासेमारीच्या साधनांपैकी साधारण २ टक्के हरवतात. हरवलं की आमचा तोटा होतो, वर ते जाळं तिथे मासे मारतच राहतं म्हणजे पुढच्या वर्षीचा मासाही गेला.

डायव्हर मंडळी जाळ्याचा फोटो टाकून खाली "मच्छीमारांचं पाप" लिहितात तेव्हा फार वाईट वाटतं. त्यापेक्षा आम्हाला विचारा. कुठल्या खडकावर जाळी अडकतात हे बोटीवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं, तुम्ही महिनाभर शोधाल ते आम्ही एका चहात सांगू. पण कळवल्यावर दंड होणार असेल तर कोण सांगेल?

बडीनंबरदोन
जाळीवाला दादा, एकदम पटलं. जिथे मच्छीमार आणि डायव्हर एकत्र काम करतात तिथेच हे टिकतं.

उलटतपासणी
मीही माझं मत थोडं बदलतोय. मूळ प्रश्न फरक पडतो का हा होता. मी टनांत विचार करत होतो आणि टनांत बघितलं तर उत्तर नाहीच आहे. पण तळगाठ आणि रसायनवेडी यांनी म्हटल्यावर जरा वाचत बसलो. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या किनारा-सफाईच्या नोंदी घेऊन एक अभ्यास झालाय, २०१८ चा. ज्या राज्यांत बाटली परत केली की पैसे परत मिळतात तिथल्या किनाऱ्यांवर बाटल्या-कॅन जवळपास ४० टक्के कमी सापडले. हे स्वयंसेवकांनी भरलेल्या फॉर्मवरून कळलं, दुसरा मार्गच नव्हता कळायचा. तेव्हा खोलपाणी, तुमची घळ पुन्हा भरते हीसुद्धा माहितीच आहे, फक्त दर वेळी कशाने भरते ते लिहा. न लिहिता उपसणार असाल तर मात्र मी माझ्या पहिल्या मतावर ठाम.

तळगाठ
अगदी बरोबर. डाइव्ह अगेन्स्ट डेब्री म्हणून २०११ पासून डायव्हरसाठीच नोंदणी चालू आहे, तिचा फॉर्म वापरा म्हणजे जगभरच्या नोंदींशी जुळेल. आणि एखाद्या वेळी काहीच सापडलं नाही तर तेही भरा, शून्य ही पण नोंद आहे, ती लोक हमखास विसरतात.

खोलपाणी
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं, यापुढे वजन आणि मोजणी दोन्ही, आणि वाळूतलीपावलं ताई मोजणीच्या प्रमुख. @जाळीवाला, एक विचारायचं होतं. आमच्या घळीत गळाचे दोरे आणि वजनं फार असतात पण जाळ्याचा तुकडा कधीतरीच. उधाणानंतर मात्र पातळ निळ्या दोरीचे बारीक तुकडे पुष्कळ येतात. ते कशाचे?

जाळीवाला
निळी दोरी आखूड आणि दोन्ही टोकं नीट कापलेली असेल तर जाळं दुरुस्त करताना निघालेले तुकडे आहेत, धक्क्यावरून उडून पाण्यात जातात. टोकं उसवलेली, झिजलेली असतील तर तळाला घासून तुटलेली. पुढच्या वेळी दोन ढीग वेगळे करा आणि फोटो टाका. कापलेले जास्त निघाले तर धक्क्यावर एक पिंप ठेवलं की काम होईल, ते मी आमच्या लोकांशी बोलतो.

वाळूतलीपावलं
फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवून घेते, "कापलेली" आणि "तुटलेली".